पाणबुडीचं मॉडेल: तरंगरेषा साधली की बुडत नाही, बुडवली की नीट वर येत नाही

गच्चीवरचा हौद

नमस्कार मंडळी, इथे ‘गच्चीवरचा हौद’ ह्या नावाने लिहितो. दीड वर्षापासून एक रेडिओवर चालणारी पाणबुडी करतोय. रंगकाम, मोटर, सुकाणू, सगळं झालं आणि आता अगदी शेवटी, बॅलास्टच्या, म्हणजे पाणी आत-बाहेर करून बोट बुडवायच्या नि वर आणायच्या, पायरीवर अडकलोय. सगळे आकडे देतो, म्हणजे कुठे चुकलं ते कुणाच्या तरी नजरेत येईल.

मॉडेल आहे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टाइप ७-सीचं, रेवेलचा १/७२ चा किट, लांबी ९३ सेंटिमीटर. खरी बोट ६७.१ मीटरची. पाण्यावर असताना ७६९ टन आणि पाण्याखाली ८७१ टन. म्हणजे १०२ टन पाणी आत घेतलं की ती जाते खाली. मलाही तेच करायचंय, फक्त मिलिलिटरमध्ये.

बाहेरच्या कवचात पाणी मोकळं शिरतं. आत प्लंबिंगच्या दुकानातला ६३ एमएमचा पीव्हीसी पाइप आहे, ४५ सेंटिमीटर लांब, दोन्ही टोकांना ओ-रिंग (पाणी अडवणारं रबरी कडं) लावलेली झाकणं. बॅटरी, रिसीव्हर, मोटर, सर्वो (सुकाणू हलवणारी छोटी मोटर) सगळं त्याच्या पोटात. मधोमध एका खोक्यात सलाईनच्या पिशवीसारखी पिशवी ठेवलीय आणि पेरिस्टाल्टिक पंपाने (नळी दाबत दाबत पाणी पुढे सरकवणाऱ्या) बाहेरचं पाणी तिच्यात ओढतो. त्या खोक्यात १२० मिली मावतं.

१२० का, तर डेक, कॉनिंग टॉवर (डेकवरचा बुरूज), तोफ असं तरंगरेषेच्या, म्हणजे बोट तरंगताना पाणी जिथवर येतं त्या रेषेच्या, वर राहणारं सगळं प्लॅस्टिक काट्यावर ठेवलं, ११८ ग्रॅम भरलं. पॉलिस्टायरीनची घनता १.०५ धरली की ११२ मिली. बुडताना तेवढंच जास्तीचं पाणी सारलं जाणार, म्हणून १२० पुरेल असा हिशेब केला. कोरडं वजन १,७८० ग्रॅम, त्यातलं ४३० ग्रॅम कीलमध्ये (तळाच्या कण्यात) भरलेलं शिसं.

गच्चीवर विटांचा चौकोन रचून त्यावर ताडपत्री टाकलीय, त्यात चाचणी घेतो. पहिल्या दिवशी बोट पाण्याखाली गेल्या गेल्या कुशीवर वळली. म्हणून डेकच्या आतून, जितका वर बसेल तितका वर, ३० घन सेंटिमीटर निळा फोम चिकटवला. आडवं होणं थांबलं, पण तेव्हापासून एक धड होत नाही. पाण्याखालचा तोल साधला तर पिशवी रिकामी केल्यावरही डेक जेमतेम पाण्याबाहेर येतो, बोट पुरती वर येतच नाही. शिसं काढून तरंगरेषा बरोबर आणली तर पिशवी पूर्ण भरूनही डेक पाण्याबाहेरच. मग डेकवर शिशाचे तुकडे एकेक ठेवत गेलो. ८० ग्रॅम झाले तेव्हा गेली.

एवढा ८० ग्रॅमचा फरक येतो कुठून? रोज रात्री हेच डोक्यात असतं.

ओ-रिंग

उत्तर सोपं वाटतंय. पिशवी मोठी करा. १२० च्या जागी २०० मिली.

तळवट

पिशवी मोठी करण्याआधी तिचा आतल्या हवेवर काय परिणाम होतो ते बघायला हवं. पाइपमध्ये सामान भरल्यावर मोकळी हवा किती उरते हो? पाइप रिकामा धरला तर बाहेरून १,४०० मिलीच्या आसपास. त्यातून सामानाचं आकारमान वजा करा.

गच्चीवरचा हौद

साधारण ७०० मिली. सगळं सामान एकदा पिशवीत बांधून बादलीत बुडवून मोजलं होतं.

तळवट

मग बघा. पिशवीत १२० मिली पाणी आलं की ७०० मिली हवा ५८० मध्ये दाबली जाते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.२ किलोने वाढतो. झाकणाचं आतलं क्षेत्रफळ २५ चौरस सेंटिमीटर धरलं तर झाकणावर आतून सव्वापाच किलोच्या आसपास जोर. १९० मिली घेतलं तर तोच जोर साडेनऊ किलोच्या पुढे जातो. नुसत्या ओ-रिंगच्या घर्षणावर बसलेलं झाकण एवढ्याने सरकतं. दोन्ही झाकणं एका आरपार सळीने बांधलेली नसतील तर आजच बांधा, १२० मिलीसाठीसुद्धा.

दाबलेल्या हवेचा फायदाही आहे. वर येताना ती पाणी बाहेर ढकलायला पंपाला मदत करते. पण पिशवी वाढवणं हा शेवटचा उपाय. आधी ८० ग्रॅम कुठले ते शोधू.

पहिली गोष्ट, ते ८० नाहीत, ७३ आहेत. शिशाची घनता ११.३४, पाण्यात त्याचं वजन पावणेनऊ टक्क्यांनी कमी होतं. डेकसकट पाण्याखाली गेलेल्या ८० ग्रॅम शिशाने बोटीला ७३ ग्रॅमच खाली ओढलं. म्हणजे तुमच्या टाकीत (पिशवीच्या खोक्यात) ७३ मिली कमी पडतायत.

१२० आणि ७३ मिळून १९३. तरंगरेषेच्या वर १९३ मिली घन आकारमान आहे, आणि तुम्ही त्यातलं ११२ मोजलंय. उरलेलं ८१. त्यातलं ३० तुम्हीच सांगितलंत, डेकखालचा फोम. तो हिशेबानंतर आला आणि तरंगरेषेच्या वर आला. पाण्यावर असताना तो कोरडा बसून असतो, काडीचंही काम करत नाही. बुडताना मात्र ३० मिली पाणी अडवून धरतो.

राहिले ५१. पाइपचा माथा तरंगरेषेच्या वर किती येतो ते मोजून सांगाल?

गच्चीवरचा हौद

आत्ता खाली जाऊन मोजलं. ५ मिलिमीटर.

तळवट

सापडलं मग. ६३ एमएमच्या पाइपचा ५ मिलिमीटर उंचीचा काप घेतला तर त्याची रुंदी ३४ मिलिमीटरच्या आसपास येते. क्षेत्रफळ ढोबळमानाने रुंदी गुणिले उंचीच्या दोन तृतीयांश, म्हणजे ११३ चौरस मिलिमीटर. गुणिले ४५० मिलिमीटर लांबी. ५१ मिली.

मोकळ्या कवचाच्या बोटीत हीच जागा फसवते. बाहेरून बघताना तरंगरेषेच्या वर डेक आणि टॉवर दिसतो, म्हणून आपण तेवढंच मोजतो. बंद पाइपची वरची कड कवचाच्या आत लपलेली असते. एवढासा काप, पण पूर्ण लांबीभर असल्यामुळे जवळजवळ अर्धी टाकी खाऊन टाकतो.

ओ-रिंग

माझं आधीचं उत्तर मागे घेतो. झाकणांचा मुद्दा लक्षातच आला नव्हता, माझ्या स्वतःच्या बोटीतही सळी नाही. ह्या रविवारी बसवतो.

कोयनाकाठ

तळवट यांचा हिशेब अगदी बरोबर आहे. आता दुरुस्तीचं बोलते. मी तीन बोटी तोलल्यात, तिन्ही वेळा एकाच क्रमाने गेले आणि तो क्रम मोडला की महिना वाया गेला.

आधी पाण्याखालचा तोल, तोही टाकी पूर्ण भरून. वरची तरंगरेषा तेव्हा बघायचीच नाही. बोट पाण्याखाली सपाट, सरळ आणि जेमतेम हलकी झाली पाहिजे, इतकी हलकी की पेरिस्कोपचं टोक तेवढं पाण्याबाहेर राहील. पाच-सहा ग्रॅमची उचल ठेवायची. शेवटचं बुडणं पुढे जाताना आडव्या पंखांनी करायचं. पंप बंद पडला, बॅटरी संपली, सिग्नल गेला, तर ही पाच-सहा ग्रॅमच बोट परत आणतात.

हा तोल जमला की शिशाच्या वजनाला आणि फोमच्या आकारमानाला हात लावायचा नाही. फक्त जागा बदलायची. टाकी रिकामी करून बघा. बोट खोल बसली तर तरंगरेषेच्या वरचा फोम रेषेच्या खाली आणा. पाण्याखाली गेल्यावर तो फोम तेवढीच उचल देणार, त्यामुळे खालचा तोल बिघडत नाही. पण आता तो पाण्यावर असतानाही उचल द्यायला लागतो आणि बोट वर येते. उलट बोट फार उंच बसली तर फोम रेषेच्या वर सरकवा.

फोम रेषेच्या खाली आणायचा म्हणजे तळाशी नेऊ नका. रेषेला चिकटून, तिच्या लगेच खाली, दोन्ही बाजूंना पट्ट्या. तुमची बोट पहिल्यांदा कुशीवर का वळली? पाण्याखाली बोटीला सरळ ठेवणारी एकच गोष्ट असते, प्लावक बलाचा मध्य वर आणि गुरुत्वमध्य त्याच्या खाली. पाण्यावर असताना रुंदीचा आधार मिळतो, पाण्याखाली तो संपतो. म्हणून फोम शक्य तितका उंच पण रेषेच्या आत, आणि शिसं शक्य तितकं खोल.

आणि पट्ट्या लगेच चिकटवू नका. फोम आणि शिसं दोन्ही रबरबँडने कवचाच्या बाहेर बांधून चाचणी घ्या, इकडे तिकडे सरकवून जागा ठरवा, मगच आत. जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या ह्यासाठी फार सोयीच्या, एकेक कमी-जास्त करता येते.

गच्चीवरचा हौद

कोयनाकाठताई, तळवट, दोघांचे मनापासून आभार. पाइप ३ मिलिमीटर खाली घेता येईल असं दिसतंय. त्याच्याखाली शिशाच्या पट्ट्या आहेत, त्या काढून दोन्ही बाजूंच्या सॅडल टँकच्या (कुशीवरच्या फुगवट्यांच्या) पोकळीत तळाशी घालतो. मग माथा २ मिलिमीटरच वर राहील.

तळवट

२ मिलिमीटरला काप १३ मिलीचा. ११२ आणि १३ मिळून १२५. फोम रेषेखाली गेला की तो ह्या बेरजेतून बाहेर. १२० च्या टाकीत बसवता येईल, ५ मिलीच्या फरकाने बोट केसभर खोल बसेल इतकंच. पाइप खाली आणल्याने प्लावक बलाचा मध्यही थोडा खाली येतो, तेव्हा सरळ राहण्याची चाचणी पुन्हा घ्या. पाण्याखाली हाताने तीस अंश कलवून सोडा, लगेच उभी राहिली पाहिजे.

पिंपळपार

मधेच विचारतो, फोमऐवजी थर्माकोल चालेल का? घरात टीव्हीच्या खोक्यातला भरपूर पडलाय.

कोयनाकाठ

नको. त्याच्या दाण्यांच्या फटींत पाणी शिरतं. सकाळी तोललेली बोट दुपारी जड लागते आणि आपण शिसं काढत बसतो. गच्चीच्या उष्णतारोधनासाठी वापरतात तो निळा किंवा गुलाबी, बंद पेशींचा फोम घ्या. कुठलाही फोम आधी वजन करून रात्रभर पाण्यात दाबून ठेवा, सकाळी पुसून पुन्हा वजन करा. काट्यावर फरक दिसला तर तो तुकडा बाद. थ्रीडी प्रिंटरवर केलेले भागही असेच तपासा, त्यांच्या पोकळ जाळीत पाणी हळूहळू झिरपतं.

कीलकर

मी जर्मनीत कील शहरात राहतो. तुमच्या बोटीची सख्खी बहीण इथून जवळच, लाबोच्या किनाऱ्यावर १९७२ पासून उभी आहे, यू-९९५. टाइप ७-सी/४१ ची जगात उरलेली एकमेव बोट. पोरांना घेऊन दोनदा जाऊन आलोय. आत शिरायला रांग असते, पण बॅलास्ट समजून घ्यायचा तर बाहेरून बघा. डेकच्या कडेखाली ओळीने भोकं आणि चिरा आहेत. बुडताना डेकखालची हवा त्यांतून भसाभस बाहेर पडायची आणि वर येताना पाणी.

किटमध्ये ह्या चिरा नुसत्या कोरलेल्या असतात, आरपार नसतात. तुम्ही सगळ्या उघडल्यात का? अर्ध्याच उघडल्या तर दोन त्रास. खाली जाताना डेकखाली हवा अडकते, आणि वर येताना डेकवरचं पाणी वेळेत निचरत नाही. ते पाणी पाण्याबाहेर उचललं गेलं की वरच्या बाजूला निखळ ओझं होतं. रुंदीचा आधार अजून मिळालेला नसतो आणि बोट नेमकी त्याच क्षणी कलते. माझी तशीच कलायची. डेकमध्ये पट्ट्यांच्या फटी कोरून काढल्या तेव्हा थांबली.

निवृत्त खलाशी

नौदलात पाणबुडीवर होतो, मॉडेलचा अनुभव नाही. पण धागा वाचताना आमचंच काम लहान मापात चाललंय असं वाटलं, म्हणून लिहितो.

मोठ्या बोटीतही मुख्य बॅलास्ट टाक्या फक्त बुडायला आणि वर यायला. त्या एक तर पूर्ण भरलेल्या, नाहीतर पूर्ण रिकाम्या. बारीक तोल वेगळ्या ट्रिम टाक्यांतून, पुढचं पाणी मागे, मागचं पुढे असं. बंदरातून निघाल्यावर पहिल्यांदा ट्रिम डाइव्ह, म्हणजे तोल तपासायची बुडी, कारण रसद, इंधन, माणसं सगळं बदललेलं असतं. टॉर्पेडो सुटला की तेवढं वजन लगेच पाण्याने भरून काढायचं. डिझेल जसं संपतं तशी त्याच्या टाकीत खालून समुद्राचं पाणी येतं, पण पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तोही फरक वहीत मांडायचा. गणित रोज नव्याने.

विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर आयएनएस कुरसुरा २००२ पासून लोकांसाठी खुली आहे. ९१ मीटरची बोट. गेलात तर आतल्या व्हॉल्व्हच्या रांगा निरखून बघा, तोल ही किती मोठी गोष्ट आहे ते त्या चाकांकडे बघून कळतं.

एक सूचना. गोड्या पाण्यात तोललेली बोट समुद्रात नेऊ नका. तुमचं टाकी भरून वजन १,९०० ग्रॅम. समुद्राचं पाणी अडीच टक्के जड, म्हणजे ४७ ग्रॅमची जादा उचल. तेवढी उचल मारण्याइतकं शिसं वाढवल्याशिवाय ती बुडणारच नाही.

तळवट

समुद्रात आणखी एक अडचण, रेडिओ. खाऱ्या पाण्यात लहरी फारच लवकर विरतात. गोड्या पाण्यात २७ किंवा ४० मेगाहर्ट्झच्या जुन्या पद्धतीच्या संचाने मीटर-दोन मीटर खोलीपर्यंत काम होतं. आताचे २.४ गिगाहर्ट्झचे संच बोट बुडाल्या बुडाल्या संपर्क सोडतात. हौदकाका, तुमचा कुठला आहे?

गच्चीवरचा हौद

२७ चा. आपल्याकडे कमी शक्तीसाठी तो पट्टा परवानामुक्त आहे म्हणून मुद्दाम जुना संच शोधून घेतला. सिग्नल तुटला की पंप आपोआप पाणी बाहेर टाकतो.

कीलकर, तुमचं निदान तंतोतंत. डाव्या बाजूच्या नऊ चिरा बंदच होत्या, रंगाने भरलेल्या. सुईने एकेक मोकळी केली.

गच्चीवरचा हौद

आठ दिवसांनी लिहितोय. पाइप खाली घेतला, शिसं बाजूंना नेलं, फोमच्या पट्ट्या रबरबँडने बाहेर बांधल्या. पहिल्या चाचणीत पुन्हा घोळ झाला. सकाळी तोल जमला, तासाभराने बोट वर. शिसं घातलं तर थोड्या वेळाने तळाशी. हातात धरून उन्हात तिरकी केली तेव्हा दिसलं, सगळ्या कवचावर आतून-बाहेरून मोहरीपेक्षा बारीक बुडबुडे, दवासारखे. नळाचं ताजं पाणी त्याच सकाळी भरलं होतं. आता हौद आदल्या संध्याकाळी भरून ठेवतो. बोट पाण्यात सोडली की नाक वर करून पंचेचाळीस अंशांत धरतो आणि बोटाने टिचक्या मारतो. टॉवरच्या मुळाशी एक मोठा बुडबुडा दडलेला असतो, तो ‘बुडुक’ करून निघाला की मगच मोजायला घेतो. पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंबही टाकतो, त्याने बुडबुडे धरून राहत नाहीत.

त्यानंतर नाक १० मिलिमीटर खाली राहत होतं. ४० ग्रॅम शिसं पुढून १२ सेंटिमीटर मागे सरकवलं, सपाट झाली. पण पिशवी रिकामी केली की शेपूट खाली. म्हणजे पिशवीचं खोकं बरोबर मध्यावर नाही असं समजलो आणि खोकंच दीड सेंटिमीटर मागे नेलं.

कोयनाकाठ

बरोबर केलंत. भरलेल्या आणि रिकाम्या अवस्थेत नाक-शेपटीचा कल वेगळा आला तर दोष टाकीच्या जागेचा, शिशाचा नव्हे. खोकं सरकवल्यावर शिसं परत बघावं लागलं असेल.

आता हौदातून बाहेर काढा. माझ्या भावाचं कराडजवळ शेततळं आहे, प्लॅस्टिकचा कागद टाकलेलं, तळाशी गाळ नाही, वनस्पती नाहीत, उन्हात तीन मीटर खालपर्यंत दिसतं. रविवारी या. कागद निसरडा असतो, काठावर दोर आणि ट्यूब ठेवू, पोहता येणाऱ्याशिवाय कुणी उतारावर जायचं नाही. आणि पहिल्या दिवशी टॉवरच्या मुळाला मासे पकडायची दहा मीटर तंगूस बांधा, दुसऱ्या टोकाला रिकामी बाटली.

गच्चीवरचा हौद

रविवारी जाऊन आलो. ताई, तुमच्या भावाचे आणि वहिनींचे पुन्हा एकदा आभार, पिठलं-भाकरीसकट.

पंप चालू केल्यावर बहात्तर सेकंदांत डेक पाण्याला टेकला, चिरांमधून दोन्ही बाजूंनी सारखे बुडबुडे आले आणि ती सपाटच खाली गेली. वर राहिलं फक्त पेरिस्कोपचं टोक आणि त्याच्यामागे बारीक रेघ. पंख खाली केले, तीही गेली. पांढऱ्या बाटलीच्या मागोमाग मी काठाने चालत होतो. मीटरभर खोलीवर तिची सावली कागदावर स्वच्छ दिसत होती. वर आणली तेव्हा पाणी डेकवरून दोन्हीकडे एकदम निथळलं, किंचितही कलली नाही. तरंगरेषा रंगवलेल्या रेषेच्या एक मिलिमीटर खाली. हिशेबातले ते ५ मिली.

घरी येऊन बोट पुसून काट्यावर ठेवली. सकाळी जाताना १,७८० होती, आली तेव्हा १,७८३. पाइप उघडला, आत कोरडा ठणठणीत, झाकणात टिश्यू पेपर ठेवला होता तोही कोरडा. मग हे ३ ग्रॅम कुठले? सुकाणूच्या दांड्याच्या नळीत पाणी अडलंय की फोममध्ये?

तळवट

रात्रभर पंख्याखाली ठेवा आणि सकाळी पुन्हा वजन करा. नळीतलं पाणी असेल तर जाईल. नाही गेलं तर पट्ट्या सोडवून एकेक वेगळी तोला.

गच्चीवरचा हौद

१,७८०. नळीच होती.